बोटांवरचं ओझं: हलक्या धनुष्याचा मागोवा

मे २०२३ मध्ये शांघायच्या विश्वचषक स्पर्धेत कंपाउंड तिरंदाजीच्या अंतिम सामन्यासाठी बुलढाण्याचा प्रथमेश जवकार नेदरलँड्सच्या माइक श्लोसरसमोर उभा राहिला. प्रथमेश एकोणीस वर्षांचा, श्लोसर जगातला पहिल्या क्रमांकाचा. पंधरा बाण, दीडशे गुण. प्रथमेशचे १४९ झाले, श्लोसरचे १४८. त्याच वर्षी हांगझोच्या आशियाई स्पर्धेत अभिषेक वर्मा आणि नागपूरचा ओजस देवतळे यांच्यासोबत प्रथमेशने सांघिक सुवर्ण घेतलं, दक्षिण कोरियाला २३५-२३० असं हरवून. अजिंठ्याच्या डोंगररांगेवर वसलेल्या, जिल्ह्याचं ठिकाण असूनही अजून रेल्वे न पोचलेल्या बुलढाणा शहरात चंद्रकांत इलग यांच्या हाताखाली हा मुलगा घडला.

या यशाबद्दल पुष्कळ लिहून झालं आहे. मला त्यामागच्या वस्तूबद्दल लिहायचं आहे. कंपाउंड धनुष्याला स्पर्धेत ६० पौंडांची मर्यादा असते. ६० पौंड म्हणजे साधारण २७ किलो, गव्हाच्या अर्ध्या पोत्याहून जास्त. पण दोरी पूर्ण मागे आली, नेम लागला आणि तिरंदाज श्वास रोखून थांबला, की त्या क्षणी हातावर उरतात फक्त १५ पौंडांच्या आसपास. बाकीचे ४५ पौंड कुठे जातात? हे ओझं उतरवायची गरज कधी वाटली, कुणी उतरवलं, आणि लहान मुलाच्या खांद्यासाठी त्याचा अर्थ काय, हे शोधत मागे गेलं की वाट थेट आपल्या शाळेच्या पटांगणातून जाते.

आपल्याकडे जड धनुष्याचा मोठा मान. शिवधनुष्य पेलणं हा वाक्प्रचार आपण अजून वापरतो. सीतेच्या स्वयंवरात धनुष्य हलेना म्हणून राजे परत गेले, आणि ज्याने ते उचलून वाकवलं तोच वर ठरला. धनुष्य जितकं कडक तितका धनुर्धारी मोठा, हा हिशेब जगभर चालला. इंग्लंडचं ‘मेरी रोज’ हे लढाऊ जहाज १५४५ मध्ये बुडालं आणि १९८२ मध्ये समुद्रातून वर काढलं गेलं. त्यात शंभराहून अधिक लांब धनुष्यं अखंड सापडली. अभ्यासकांनी त्यांची ओढ १०० ते १८५ पौंडांच्या दरम्यान असावी असा अंदाज बांधला. त्याहून बोलका पुरावा सांगाड्यांत होता. खांद्याच्या टोकाचं जे हाड साधारण विशीत सांधून एकसंध होतं, ते त्या जहाजावरच्या बऱ्याच जणांच्या खांद्यात सांधलंच नव्हतं. कोवळ्या वयापासून जड धनुष्य ओढल्याचा हा परिणाम असावा, असं हाडांच्या अभ्यासकांनी मांडलं. वाढत्या खांद्यावर टाकलेला भार साडेचारशे वर्षांनीसुद्धा वाचता आला.

आणि तरीही त्याच इंग्लंडात धाकट्यांसाठी हलकं धनुष्य होतं. आठव्या हेन्रीच्या काळातल्या कायद्याने सात ते सतरा वर्षांच्या मुलाला घरच्यांनी एक धनुष्य आणि दोन बाण पुरवायचे होते. ह्यू लॅटिमर या धर्मोपदेशकाने १५४९ मध्ये राजापुढे केलेल्या प्रवचनात आपलं लहानपण सांगितलं आहे. वडिलांनी त्याला हाताच्या जोरावर न ओढता अंग धनुष्यात घालून ओढायला शिकवलं. वय आणि ताकद पाहून ते धनुष्य विकत घेत, आणि मुलगा वाढला की धनुष्यही मोठं होई. आजच्या कुठल्याही प्रशिक्षकाचा पहिल्या वर्षाचा अभ्यासक्रम यापेक्षा फारसा वेगळा नाही. शेतकऱ्याघरच्या बापाला ते कळत होतं. राष्ट्राला मात्र कडक धनुष्याचे सैनिक हवे होते, आणि खांद्याचं हाड त्या गरजेपायी गेलं.

आपल्या बाजूला शिकाऊ धनुष्याची गोष्ट निराळी आहे, आणि माझ्या मते ती अधिक सुंदर आहे. इराणपासून हिंदुस्थानपर्यंतच्या पट्ट्यात लढाईचं धनुष्य शिंग, लाकूड आणि स्नायुतंतू सरसात चिकटवून बनायचं. आखूड, पण भयंकर कडक. ते नवशिक्याच्या हातात देणं म्हणजे त्याचं मनगट आणि धनुष्य दोन्ही घालवणं. म्हणून आधी मऊ धनुष्य. ताकद कमावण्यासाठी दोरीच्या जागी लोखंडी साखळी लावलेलं धनुष्य, ज्यावर बाण कधीच चढायचा नाही. इराणच्या जोरखान्यांत म्हणजे तिथल्या तालमींत हे अजून आहे. दहा-बारा किलोचं लोखंडी धनुष्य डोक्यावर धरून पैलवान डावी-उजवीकडे झुलवतात आणि साखळीतल्या चकत्या तालात वाजतात. हीच वस्तू आपल्या आखाड्यांत आली आणि दंड, बैठका, मुद्गल, मल्लखांब यांच्या ओळीत बसली. तीच आपली लेझीम.

बुलढाणा जिल्ह्यात क्वचितच एखादी जिल्हा परिषदेची शाळा असेल जिच्या कोपऱ्यातल्या खोलीत लेझमीचा ढीग नाही. २६ जानेवारीची प्रभातफेरी आली की ती बाहेर निघते. हातात घेऊन नीट बघा: लाकडी दांडा म्हणजे धनुष्याची काया, दोन्ही टोकांना ओवलेली साखळी म्हणजे प्रत्यंचा, आणि साखळीतली मधली मूठ म्हणजे ती प्रत्यंचा ओढायची पकड. घोर लेझीम म्हणून जो जुना प्रकार ओळखला जातो, त्यात तर बांबू सरळ वाकवलेला असतो आणि धनुष्याचा आकार लपत नाही. पुढे दांडा आखूड झाला, साखळी बारीक झाली, ओढायचा जोर गेला आणि ठेका राहिला. पाचवीतली पोरगी तासभर नाचवू शकेल इतकी ती हलकी झाली. म्हणजे लहान मुलाच्या हाताला पेलेल असं धनुष्य आपण फार पूर्वी तयार केलं, फक्त त्यातून बाण सुटेनासा झाला.

बाण सोडणारं धनुष्य राहिलं ते सातपुड्याच्या पायथ्याशी. जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांचा उत्तर भाग डोंगराला लागून आहे, आणि तिथल्या आदिवासी वस्त्यांना तिरकामठा नवा नाही. भिल्लांच्या कामठ्याची एक गोष्ट मला नेहमी थक्क करते. त्याची काया बांबूची असते आणि पुष्कळदा प्रत्यंचाही बांबूच्याच चिवट सालीची असते. एकाच झाडापासून अख्खं यंत्र. अशा कामठ्याचं वजन जेमतेम असतं, आणि पोरासाठी लहान कामठा करायचा तर बांबू बारीक आणि आखूड निवडायचा, एवढंच. हलकेपणा तिथे मागून आलेला नाही. कामठा माणसाच्या मापाने करायचा, हे तिथे गृहीतच आहे.

या बांबूच्या धनुष्याला क्रीडास्पर्धेतही जागा मिळाली, याचं श्रेय आपल्या तिरंदाजी संघटकांना द्यायला हवं. ‘इंडियन राउंड’ या प्रकारात मुलं बांबूच्या धनुष्याने ३० आणि ५० मीटरवर नेम धरतात. काही हजारांत काम भागतं. खेड्यातल्या पोराला लाखभराचं साहित्य घेण्याआधी आपल्याला हा खेळ जमतो का, आवडतो का, हे कळतं. अनेकांची सुरुवात इथूनच होते.

पुढची पायरी रिकर्व्ह, म्हणजे टोकं पुढे वळलेलं धनुष्य. १९७२ ला म्युनिकमध्ये तिरंदाजी अर्ध्या शतकानंतर ऑलिंपिकमध्ये परतली. त्याच सुमारास तीन तुकड्यांत सुटणारं धनुष्य रूढ झालं: मध्ये मुठीचा भाग म्हणजे रायझर, वर-खाली दोन पाती म्हणजे लिंब. बाहेरून ही सोय प्रवासाची वाटते, पण लहान तिरंदाजाच्या दृष्टीने ती क्रांती होती. तोवर मूल वाढलं की धनुष्य बदला. आता रायझर तोच ठेवायचा आणि लिंबांची जोडी बदलायची. १४ पौंड, १६, १८, २०, असं दोन-दोन पौंडांनी चढता येतं. पातं बसवायच्या बोल्टला थोडा पीळ दिला की मधला एखादा पौंडही साधता येतो. रायझर २३ इंचांचा घेतला तर अख्खं धनुष्य ६२-६४ इंचांत बसतं, आणि बुटक्या मुलाचं खालचं पातं गुडघ्यावर आपटत नाही.

इथे एक हिशेब समजून घेण्यासारखा आहे, कारण पालक हमखास इथे गडबडतात. लिंबांवर छापलेले पौंड २८ इंच ओढीवर मोजलेले असतात. मुलाची ओढ काढायची सोपी रीत अशी: भिंतीला पाठ लावून दोन्ही हात पसरायचे, एका मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्याच्या टोकापर्यंत टेप धरायचा आणि आलेल्या मापाला अडीचने भागायचं. हातांचा पसारा १४० सेंटिमीटर भरला तर ओढ ५६ सेंटिमीटर, म्हणजे २२ इंच. रिकर्व्हमध्ये दोरी जितकी मागे तितकं ओझं जास्त, त्यामुळे २२ इंचांवर थांबणाऱ्या या मुलाच्या बोटांना २० पौंडांच्या लिंबांचे १४-१५ पौंडच लागतात. दोन वर्षांत उंची वाढली, ओढ २५ इंचांवर गेली, की तेच धनुष्य काहीही न बदलता दोन-तीन पौंडांनी जड होतं. मूल म्हणतं हात थरथरतो, घरचे म्हणतात सराव कमी पडतो. प्रशिक्षक वजनकाट्यासारखा स्प्रिंगचा काटा दोरीला अडकवून ओढतो तेव्हा खरं कळतं.

रिकर्व्हचं दुखणं हेच की नेम धरायच्या क्षणी, जेव्हा हात सर्वांत स्थिर हवा, तेव्हाच ओझं सर्वांत जास्त असतं. हजारो वर्षं धनुष्याचा हा स्वभावच मानला गेला. तो बदलला अमेरिकेतल्या मिसुरी राज्यातल्या हॉलिस विल्बर ॲलन या शिकारी माणसाने. त्याने रिकर्व्ह धनुष्याची टोकं कापली आणि तिथे आसापासून सरकवलेली, म्हणजे मध्य सोडून भोक पाडलेली, चाकं बसवली. दोरी आणि तारा त्या चाकांवरून फिरवल्या. १९६६ मध्ये त्याने पेटंटसाठी अर्ज केला आणि १९६९ च्या डिसेंबरअखेर ते मिळालं. टॉम जेनिंग्ज या धनुष्यकाराने ही कल्पना उचलली आणि ती बाजारात आली. जुन्या तिरंदाजांनी नाकं मुरडली. त्यांच्या दृष्टीने हे धनुष्यच नव्हतं.

चाकाची करामत अशी. ओढायला सुरुवात केली की पहिल्या काही इंचांत ओझं झपाट्याने चढतं आणि शिखरावर टिकतं. मग चाक फिरत फिरत अशा जागी येतं की दोरी आसापासून लांब आणि तार आसाजवळ. तारेतला मोठा ताण लहान तरफेवर, दोरीतला लहान ताण मोठ्या तरफेवर, आणि दोन्ही तोलतात. हातावरचा भार एकदम उतरतो. तिरंदाज याला लेट-ऑफ म्हणतात. सुरुवातीच्या गोल चाकांत तो निम्म्याच्या आसपास असे, आजच्या वेड्यावाकड्या आकाराच्या चाकांत, म्हणजे कॅममध्ये, ६५ ते ८० टक्के. ६० पौंडांवर ७५ टक्के सूट म्हणजे हातात १५ पौंड, हा सुरुवातीच्या प्रश्नाचा हिशेब. ते ४५ पौंड हरवलेले नसतात. लिंबांत आणि तारांत ते पूर्ण ताणलेले उभे असतात आणि रिलीज म्हणजे दोरी सोडायची कळ सुटली की बाणाला मिळतात.

मग लहान मुलांसाठी हे वरदानच की! तसं लगेच झालं नाही. कारण ही सूट एका ठरावीक इंचावरच मिळते. त्याच्या आधी थांबलात तर हात शिखरावरच्या ओझ्याखाली, आणि पुढे कॅम जाऊच देत नाही, भिंत लागल्यासारखी दोरी अडते. म्हणजे रिकर्व्ह निदान कुणीही ओढू शकत होतं, कंपाउंड मात्र एकाच माणसाच्या मापाला शिवलेलं. वाढत्या मुलासाठी नेमकं हेच गैरसोयीचं.

यावर दोन उत्तरं निघाली. पहिलं मॅट मॅकफर्सन या धनुष्यकाराचं. त्याने सूटच काढून टाकली. ‘जेनेसिस’ नावाच्या त्याच्या धनुष्यात कॅम आहे, पण लेट-ऑफ नाही, त्यामुळे ठरलेली ओढही नाही. १५ इंचांपासून ३० इंचांपर्यंत कुणीही ओढावं, १० ते २० पौंडांत. २००२ मध्ये अमेरिकेतल्या केंटकी राज्यातल्या शाळांत तिरंदाजी शिकवायला सुरुवात झाली ती हेच धनुष्य घेऊन. वर्गातली सगळी मुलं एकाच धनुष्याने आळीपाळीने बाण सोडू शकतात. ॲलनने इतक्या कष्टाने मिळवलेली सूट मॅकफर्सनने पोरांसाठी सोडून द्यावी, यात मला मोठी समज दिसते.

दुसरं उत्तर कॅमवर बसणाऱ्या लहानशा तुकड्याचं, ज्याला मॉड्यूल म्हणतात. स्क्रू ढिला करायचा, मॉड्यूल एका खुणेवरून दुसऱ्या खुणेवर फिरवायचं, की ओढ अर्ध्या इंचाने बदलते. लिंबांचा बोल्ट सैल केला की प्रत्येक पूर्ण फेऱ्याला दोन-तीन पौंड कमी होतात. ‘डायमंड इन्फिनिट एज’सारखं धनुष्य अशा तऱ्हेने ५ पौंडांपासून ७० पौंडांपर्यंत आणि १३ इंचांपासून ३० इंचांपर्यंत जातं. चौथीत घेतलेलं धनुष्य बारावीपर्यंत मुलाबरोबर वाढू शकतं.

वाढत्या मुलाला साधन पेलवण्याची ही अडचण बंदुकीच्या घराण्यातही आहे. दहा मीटर एअर रायफलला साडेपाच किलोची मर्यादा असते, आणि ३५ किलोच्या मुलाने तितकं वजन धरून उभं राहायचं तर सगळा भार डाव्या कोपरातून कमरेच्या हाडावर आणि मागे झुकलेल्या कण्यावर येतो. म्हणून वाल्थर, फाइनवेर्कबाऊ, अन्शुट्झ अशा जर्मन कारखान्यांनी धाकट्यांसाठी आखूड कुंद्याची, लहान हवेच्या टाकीची रायफल काढली. घरी असलेली मोठी रायफल हलकी करायची तर आधी नळीच्या टोकाकडची जोडवजनं काढतात, कारण अंगापासून लांब असलेले शंभर ग्रॅम अंगाजवळच्या शंभर ग्रॅमपेक्षा फार जास्त ओढतात. पण फार हलकी केली की ती हृदयाच्या ठोक्यासरशी हलते. जर्मनीत बारा वर्षांखालच्या मुलांना एअर रायफल देता येत नाही, म्हणून त्यांच्या हाती प्रकाशकिरण सोडणारी रायफल देतात.

टोकाकडच्या वजनाचा धडा धनुष्यालाही लागू आहे, आणि कंपाउंडच्या कौतुकात तो विसरला जातो. उजव्या हाताचं ओझं कॅमने उतरवलं, डाव्या हाताचं वाढलं. रायझर, चाकं, भिंग लावलेला साइट, पुढे लांब दांडीचा स्टॅबिलायझर असं सगळं मिळून तीन किलोच्या पुढे जातं, आणि ते ताठ हाताच्या टोकाला धरायचं असतं. मुलाने मोठ्यांची नक्कल करून पहिल्याच वर्षी तीस इंची स्टॅबिलायझर लावला की खांदा वर चढतो, पाठ मागे जाते आणि सगळी ठेवण बिघडते. लहान मुलांना काही महिने स्टॅबिलायझरच देऊ नये, असं माझं ठाम मत आहे. आणि पौंड वाढवायची घाई करू नये. बाजूच्या मुलाने ४० केले म्हणून आपल्यानेही करावे, हा आग्रह बहुतेक वेळा बापाचा असतो. मेरी रोजवरच्या खांद्यांनी याचं उत्तर देऊन ठेवलं आहे.

ओझं वेळेवर उतरलं तर काय होतं, हे २०२३ ने दाखवलं. रिकर्व्हमध्ये अठरा वर्षांखालची मुलं ६० मीटरवर बाण सोडतात आणि मोठी माणसं ७० वर. कंपाउंडमध्ये दोघांनाही ५० मीटरच. त्यामुळे साताऱ्याची अदिती स्वामी जुलैमध्ये लिमरिकला अठरा वर्षांखालची जगज्जेती झाली आणि पुढच्याच महिन्यात, सतराव्या वर्षी, बर्लिनला मोठ्यांच्या स्पर्धेत विश्वविजेती. अंतिम सामन्यात तिने मेक्सिकोच्या आंद्रेया बेसेराला १४९-१४७ असं हरवलं. त्याच दिवशी ओजस देवतळेने पंधराच्या पंधरा बाण दहात घालून पुरुषांचं विजेतेपद घेतलं. ऊस लावायच्या शेतात थाटलेल्या प्रवीण सावंतांच्या तिरंदाजी केंद्रातली ती मुलगी, नागपूरचा हा मुलगा आणि बुलढाण्याचा प्रथमेश. तिघेही महाराष्ट्राचे, तिघेही कंपाउंडचे.

२०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये कंपाउंडचा मिश्र दुहेरी प्रकार येतो आहे. ॲलनच्या चाकांना तिथे पोचायला जवळजवळ सहा दशकं लागली. आता बुलढाणा, सातारा, अमरावती अशा गावांत मुलांची रांग वाढेल, आणि स्पर्धेचं कंपाउंड घ्यायला दोन-तीन लाख लागतात. प्रत्येक घराने ते घ्यावं ही अपेक्षा अन्यायाची आहे. प्रत्येक जिल्हा क्रीडा संकुलात मॉड्यूल फिरवता येणारी दहा-बारा लहान धनुष्यं, धनुष्य दाबून दोरी-तारा बदलायचा एक प्रेस, ओढ मोजायचा एक काटा आणि ते वापरता येणारा एक माणूस ठेवला तर पहिली चार वर्षं निघतात. मिश्र दुहेरीत एक मुलगी आणि एक मुलगा एकाच रेषेवर उभे राहतात, अंतर दोघांनाही ५० मीटर, आणि धनुष्याची मर्यादा दोघांनाही ६० पौंड.